आमची वाटचाल : चिठ्ठ्या, फ्लास्क आणि पठार

आम्ही अमायलेज बनवतो, म्हणजे स्टार्च फोडणारं एन्झाइम. ते देणारे जंतू ज्यात वाढवतात त्या माध्यमाची आमची पहिली कृती एका वहीच्या मागच्या पानावर लिहिलेली होती. भागीदाराने ती कुठल्याशा जुन्या प्रबंधातून उतरवून घेतली होती. गव्हाचा कोंडा, सोयापेंड, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, थोडी साखर (ग्लुकोज), फॉस्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम. बॅसिलस हा आमचा जंतू त्यात वाढायचा, एन्झाइमही द्यायचा, पण धंदा चालावा इतकं नाही. म्हणून आम्ही सगळे करतात तेच केलं. एक घटक घ्यायचा, त्याचं प्रमाण वाढवत न्यायचं, एन्झाइम जिथे सर्वाधिक तिथे थांबायचं आणि पुढच्याला हात घालायचा.

यात वर्ष गेलं. वहीत एक नोंद होती, ‘कॅल्शियमचा उपयोग नाही.’ ही नोंद पुढे आम्हाला फार महाग पडली.

शहाणपण आलं ते संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका सरांमुळे. त्यांना जंतूंमधलं काही कळत नव्हतं, आणि तेच बरं झालं. वही चाळून त्यांनी एकच विचारलं, “हे घटक एकमेकांशी बोलत नाहीत असं तुम्हाला कुणी सांगितलं?” आम्ही गप्प. एकेक घटक बदलणाऱ्याने हे गृहीतच धरलेलं असतं.

त्यांनी प्रयोगांची प्लॅकेट-बर्मन मांडणी समोर ठेवली, तिच्यात सगळे घटक एकाच वेळी बदलतात. ही १९४६ सालची. आमच्या यादीत तोवर नऊ घटक झाले होते. प्रत्येकाची कमी आणि जास्त अशा दोनच पातळ्या घेतल्या तरी सगळ्या जोड्यांना ५१२ फ्लास्क लागले असते. या मांडणीत बारा पुरतात. रकाने अकरा, त्यांतले दोन मुद्दाम रिकामे ठेवायचे, म्हणजे निव्वळ योगायोगाने आकडे किती हलतात तेही कळतं. अर्थात फुकट काही मिळत नाही. घटकांचे आपसातले परिणाम मुख्य परिणामांत मिसळून जातात. ही चाळणी आहे, निकाल नव्हे, हे सरांनी तीनदा बजावलं.

पहिली फेरी आम्ही वाया घालवली, तीही दोन प्रकारे. फ्लास्क यादीच्या क्रमाने लावले. पहिले सहा एका दिवशी, उरलेले दुसऱ्या दिवशी, आणि दुसऱ्या दिवशीचं इनॉक्युलम (फ्लास्कमध्ये सोडायचे वाढवलेले जंतू) जास्त जुनं. आता माध्यमाचा फरक कोणता आणि दिवसाचा कोणता, कोण सांगणार? दुसरी चूक त्याहून लाजिरवाणी. एन्झाइम आम्ही डीएनएस (डायनायट्रोसॅलिसिलिक आम्लाच्या) पद्धतीने मोजत होतो. ती रिड्यूसिंग साखर मोजते, म्हणजे स्टार्च फोडून एन्झाइमने केलेली साखरही आणि फ्लास्कमध्ये आधीपासून उरलेली साखरही. एन्झाइम मारून ठेवलेला ब्लँक, म्हणजे आधीची साखर वजा करायला लागणारा तुलनेचा नमुना, आम्ही लावलाच नव्हता. जास्त ग्लुकोजचा फ्लास्क पहिला आला आणि आम्ही खूश! वास्तविक भरपूर ग्लुकोज समोर असताना बॅसिलस अमायलेज बनवायचं टाळतो. आम्ही उरलेल्या साखरेलाच बक्षीस देत होतो.

तेव्हापासून आमच्याकडे फ्लास्कचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. फ्लास्क हलवणाऱ्या शेकरवरची जागासुद्धा. नवीन मुलं हसतात, हसू द्या.

दुसऱ्या फेरीत तीन नावं वर आली: सोयापेंड, कॅल्शियम आणि उलट्या दिशेने (कमी केलं की एन्झाइम वाढायचं) फॉस्फेट. या तिघांवर बॉक्स-बेनकेन ही तीन पातळ्यांची मांडणी लावली. बारा फ्लास्क कडांच्या मध्यावरचे (दोन घटक टोकाला, तिसरा मधल्या पातळीवर), तीन केंद्रातले (तिन्ही मधल्या पातळीवर), एकूण पंधरा. तिचा गुण असा की तिन्ही घटक एकदम टोकाला नेणारा एकही फ्लास्क तिच्यात नसतो, आणि आमच्या टोकांना तर माध्यम गढूळ व्हायचं. इथे वहीतली ती नोंद खोटी ठरली. फॉस्फेट भरपूर असलं की ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करायच्या भांड्यात) कॅल्शियम त्याच्याशी जुळून तळाला बसतं. म्हणजे आम्ही वाढवलेलं कॅल्शियम एन्झाइमपर्यंत पोचतच नव्हतं. फॉस्फेट उतरवल्यावर तेच कॅल्शियम कामाला आलं, कारण या एन्झाइमची घडी टिकायला ते लागतंच. एकेक घटक बदलत आम्ही आणखी दहा वर्षं घालवली असती तरी हे दिसलं नसतं.

या आकड्यांवर बसवलेल्या मॉडेलचा आलेख सुंदर आला, आर-स्क्वेअर (मॉडेल आकड्यांशी किती जुळतं त्याचं माप) तर हेवा वाटावा असा. सर म्हणाले, “पदं वाढवली की तो वाढतोच. लॅक ऑफ फिट, म्हणजे मॉडेलचा आकारच चुकलाय का याची चाचणी, काय म्हणते ते बघा, आणि मॉडेल सांगतं त्या बिंदूवर फ्लास्क लावून दाखवा.” लावले. अंदाज आणि प्रत्यक्ष जवळजवळ आले.

मग उत्पादनाची मोठी टाकी. तिथे आलेखावरचं सर्वाधिक एन्झाइमचं शिखर कोसळलं. शिखरावर सोयापेंड जास्त होती, म्हणून फेस. फेसावर अँटीफोम, त्याने प्राणवायू विरघळणं मंदावलं. शिवाय टाकी तापायला आणि निवायला फ्लास्कपेक्षा कितीतरी जास्त वेळ घेते, तेवढ्यात साखर आणि प्रथिनं एकत्र शिजून रस्सा तपकिरी. साखर वेगळी निर्जंतुक करून नंतर घालायला लागलो तेव्हा ते थांबलं. पण सोयापेंडीचं दुखणं निराळं होतं. प्रत्येक पोत्यातली प्रथिनं सारखी नसतात. शिखराच्या एका बाजूला उतार तीव्र होता, पोतं बदललं की आम्ही घसरायचो.

तेव्हा भागीदाराशी माझं पहिलं खरं भांडण झालं. त्याला सर्वाधिक आकडा हवा होता. मी आलेखावर शिखराच्या अलीकडचा सपाट भाग दाखवला. एन्झाइम थोडं कमी, पण पेंड थोडी इकडेतिकडे झाली तरी फरक नगण्य, आणि पेंडही कमी लागते. महिनाभर दोन्ही कृती आलटूनपालटून चालवल्या. पठारावरच्या बॅचेस एकमेकींसारख्या निघाल्या. गिऱ्हाइकाला तेच हवं होतं. विक्रमी बॅच त्याने कधी मागितलीच नव्हती.

आता नवीन पोतं उघडलं की टाकीत जाण्याआधी त्याचे तीन फ्लास्क केंद्रबिंदूच्या कृतीने लावतो. आकडा जुन्या पट्ट्यात बसला तर पोतं आत, नाहीतर परत. भागीदाराने त्या वहीतली कॅल्शियमची नोंद खोडलेली नाही, नुसती समोर तारीख घातली आहे.