चौथ्या पानावरचे कलम

जानेवारीतला शनिवार होता. विसाव्या तारखेची जीएसटी विवरणपत्रे भरून झाल्यामुळे सोलापुरातल्या नवी पेठेतल्या माझ्या कार्यालयात बऱ्याच दिवसांनी शांतता होती, आणि संध्याकाळी नातवंडांना गड्ड्याच्या यात्रेत नेण्याचा शब्द मी घरी दिलेला होता. साडेपाचच्या सुमारास माझे जुने क्लायंट अण्णा, त्यांचा मुलगा आणि मुलाची कंपनीतली भागीदार असे तिघे आले. अण्णांचे अक्कलकोट रस्त्यावर बारा माग आहेत. चाळीस वर्षे मागांच्या खडखडाटात काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू येते, आणि म्हणून ते स्वतःही मोठ्याने बोलतात. दारातूनच ते म्हणाले, "साहेब, पोरांना बारा कोटी मिळतायत. सही कुठं करायची तेवढं सांगा की ओ."

बारा कोटी मिळत नव्हते. मुंबईच्या एका व्हेंचर फंडाने, म्हणजे नव्या कंपन्यांत पैसे गुंतवणाऱ्या फंडाने, टर्म शीट म्हणजे गुंतवणुकीच्या अटींचा मसुदा पाठवला होता; तिच्या पहिल्या पानावर 'प्री-मनी व्हॅल्युएशन १२ कोटी', म्हणजे नवे पैसे येण्याआधीची कंपनीची किंमत, असे लिहिले होते आणि गुंतवणूक ४ कोटींची होती. मुलांनी मागावर बसवायचे मुठीएवढे यंत्र तयार केले आहे; ते दर मिनिटाला किती पिक, म्हणजे आडवे धागे, पडले हे मोजते, ताणा तुटून माग थांबला की कारखानदाराच्या मोबाइलवर निरोप धाडते आणि पाळी संपल्यावर कोणता माग किती वेळ बंद होता याचा हिशेब देते. सोलापूर आणि इचलकरंजी मिळून सहाशे चाळीस मागांवर ते बसले होते. कंपनी अडीच वर्षांची, शेअर दोघांत निम्मे निम्मे, बँकेत एकवीस लाख आणि महिन्याचा खर्च साडेचार लाख. म्हणजे पाच महिनेसुद्धा निघणार नव्हते. टर्म शीटची मुदत सोमवारी संध्याकाळी पाचला संपत होती.

मी सव्वीस वर्षे सूत व्यापाऱ्यांचे आणि कारखानदारांचे ऑडिट करीत आलो आहे. तोपर्यंत मी जेमतेम तीन टर्म शीट पाहिल्या होत्या, हे मी दोघांना आधीच सांगून टाकले आणि कराराच्या वेळी या विषयातला वकील घेण्याचा सल्ला दिला. पण गणित तर मला करता येत होते. मी लांब वहीचा एक कागद फाडला.

प्री-मनी १२ कोटी आणि नवे ४ कोटी मिळून कंपनीची किंमत १६ कोटी, म्हणून फंडाचा हिस्सा २५ टक्के. येथवर मुलांचा हिशेब बरोबर होता. मात्र दुसऱ्या पानावर असे म्हटले होते की कर्मचाऱ्यांसाठी १० टक्क्यांचा ईसॉप पूल, म्हणजे त्यांना पुढे द्यायच्या शेअरचा राखीव साठा, गुंतवणुकीआधीच तयार करायचा, आणि तो १० टक्के मात्र गुंतवणुकीनंतरच्या भांडवलावर मोजायचा. म्हणजे तो सगळा मुलांच्याच हिश्श्यातून जाणार होता. दोघांकडे मिळून ६५ टक्के उरत होते, आणि १६ कोटींच्या ६५ टक्क्यांचे होतात १० कोटी ४० लाख. पहिल्या पानावरचे बारा कोटी दुसऱ्या पानावर येईपर्यंत एवढेच राहिले होते.

त्याच पानावर लिक्विडेशन प्रेफरन्स, म्हणजे विक्रीच्या पैशांवरचा पहिला हक्क, होता, एक पट, पार्टिसिपेटिंग, आणि त्याला कमाल मर्यादा नव्हती. कंपनी विकली गेली तर फंड आपले ४ कोटी आधी उचलणार आणि मग उरलेल्या रकमेतही २५ टक्के घेणार, असा त्याचा अर्थ. कंपनी २० कोटींना विकली, असे मी धरले. फंडाला आधी ४ आणि मग उरलेल्या १६ कोटींतले ४, असे ८ कोटी मिळत होते आणि मुलांना मिळून १० कोटी ४० लाख. हाच प्रेफरन्स नॉन-पार्टिसिपेटिंग असता तर फंडाने ४ कोटी किंवा २५ टक्के यांपैकी जे जास्त ते, म्हणजे ५ कोटी घेतले असते आणि मुलांना १३ कोटी मिळाले असते. दोन्हीकडे ईसॉपचे सगळे शेअर वाटले गेले आहेत असे मी धरले होते. मुलगी कॅल्क्युलेटरवर आकडे पडताळून पाहत होती. तिने ते दोनदा केले.

अण्णांना हे समजावण्यासाठी मी आवाज चढवला, पण त्यांना निम्म्या वाक्यातच उमगले. ते म्हणाले, "म्हणजे सूतवाला व्यापारी सुताचे पैसे आधी काढून घेणार, आणि चादर विकल्यावर माझ्या नफ्यातबी भागीदार राहणार. असंच ना?" असेच होते. व्यवस्थापनशास्त्र शिकलेल्या माणसांनाही हे कलम मला इतक्या थोडक्यात सांगता आलेले नाही. फंडाची बाजूही मी मांडली. सेबीच्या २०१२च्या नियमांखाली नोंदलेल्या व्हेंचर फंडाला ठरावीक मुदतीत आपल्या गुंतवणूकदारांचे पैसे परत करायचे असतात, आणि त्याच्या बऱ्याच कंपन्या बुडणार हे त्याला ठाऊक असते, म्हणून तो पहिला घास मागतो. मागण्यात गैर काही नाही. किती द्यायचे हे आपण ठरवायचे.

अँटी-डायल्यूशनचे, म्हणजे पुढे शेअरचा भाव पडला तर फंडाचा हिस्सा राखणारे कलम 'फुल रॅचेट' होते. पुढे कधी कमी भावाने थोडेसे शेअर विकावे लागले, तरी फंडाचे सगळे परिवर्तनीय प्रेफरन्स शेअर त्या कमी भावाने साध्या शेअरमध्ये रूपांतरित झाले असते. भाव निम्म्यावर आला तर फंडाचे शेअर दुप्पट. त्याऐवजी 'वेटेड अ‍ॅव्हरेज' मागायचे, म्हणजे कमी भावाने किती शेअर विकले त्या प्रमाणातच भाव बदलेल, यावर फार चर्चा करावी लागली नाही. एंजल टॅक्सची, म्हणजे रास्त किमतीपेक्षा जास्त भावाने शेअर विकल्यास कंपनीला लागणाऱ्या कराची, धास्ती मुलाने बोलून दाखवली, कारण माझ्याच एका क्लायंटला त्याची नोटीस आलेली त्याने ऐकली होती; परंतु तो कर २०२४च्या जुलैमधील अर्थसंकल्पाने रद्द झाला होता.

मग चौथे पान आले. संस्थापकांकडे आज असलेले सर्व शेअर पुन्हा 'न कमावलेले' समजले जातील, ते चार वर्षांत हळूहळू त्यांचे होतील, पहिले वर्ष पुरे होण्याआधी एकही होणार नाही, आणि जो स्वेच्छेने कंपनी सोडील त्याचे उरलेले शेअर दहा रुपये दर्शनी किमतीला परत घेतले जातील, असे ते कलम होते. अशी अट सर्रास असते. वादाचा मुद्दा मला एवढाच वाटत होता की मुलांनी आधी घालवलेल्या अडीच वर्षांचे काहीच श्रेय त्यात धरलेले नव्हते. मी समजावू लागलो, "समजा, दीड वर्षाने हा निघून गेला. अठ्ठेचाळीस महिन्यांपैकी अठरा झाले, म्हणजे साडेसदतीस टक्के शेअर याचे, बाकीचे गेले." उदाहरण म्हणून मी बोट मुलाकडे केले होते, त्यात दुसरा काही हेतू नव्हता.

तो हसला नाही. कागदाकडे पाहतच तो हळू आवाजात म्हणाला, "काका, अण्णांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं की माग मलाच बघावे लागणार आहेत. मी दोन वर्षं धरली होती."

मुलीने कॅल्क्युलेटर खाली ठेवला. पुण्यातली नोकरी सोडून ती याच्याबरोबर सोलापूरला परत आली होती, हे मला माहीत होते. तिने विचारले, "मला कधी सांगणार होतास?"

अण्णा आम्हा तिघांच्या तोंडांकडे पाहत होते. "काय म्हणतोय तो?" त्यांनी विचारले. मी काही बोललो नाही. तिनेच मोठ्याने उत्तर दिले, "काही नाही अण्णा, हिशेब चाललाय."

दोघे खाली चहाला गेले ते चाळीस मिनिटांनी वर आले. तेवढ्या वेळात अण्णांनी मला सुताच्या भावाविषयी बरेच काही सांगितले आणि मी त्यातले फारच थोडे ऐकले. टर्म शीट पुरी होण्याआधी मी असे उदाहरण द्यायला नको होते, असे एकदा वाटले, आणि चार कोटी खात्यात पडल्यावर हे उघड झाले असते तर काय, असेही वाटले. परत आल्यावर मुलीने लांब वहीचा कागद स्वतःकडे ओढला आणि त्यावर लिहिले की जो सोडील त्याचे न कमावलेले शेअर फंडाकडे किंवा पूलमध्ये जाणार नाहीत, राहणाऱ्या संस्थापकाकडे जातील. आणि मुख्य कार्यकारी अधिकारी ती असेल. मुलाने त्याखाली सही केली. कायद्याच्या दृष्टीने त्या सहीला फारसे वजन नव्हते, पण मी तसे बोललो नाही.

रविवारी आम्ही उत्तर तयार केले आणि सोमवारी दुपारी ते ईमेलने गेले. एक संस्थापक दोन वर्षांत कमी वेळ देण्याची शक्यता आहे हे त्यात लिहावे, असा आग्रह मुलीचा होता. मी ते वाक्य दोनदा काढले आणि तिने दोनदा परत घातले. रात्री फंडाचे उत्तर आले. नॉन-पार्टिसिपेटिंग मान्य, वेटेड अ‍ॅव्हरेज मान्य, सोडणाऱ्याचे शेअर राहणाऱ्याकडे जाणे मान्य, मागच्या अडीच वर्षांपैकी एका वर्षाचे श्रेय मान्य. पण प्री-मनी १२ऐवजी ११ कोटी.

मुलाचा चेहरा पडला, म्हणून मी पुन्हा कागद घेतला. आता किंमत १५ कोटी, फंडाचा हिस्सा २६.६७ टक्के आणि मुलांचा ६३.३३. तीच २० कोटींची विक्री धरली तर मुलांना १२ कोटी ६७ लाख मिळत होते, म्हणजे आधीच्या १० कोटी ४० लाखांपेक्षा सव्वादोन कोटी जास्त. जुना प्रस्ताव फायद्याचा ठरण्यासाठी कंपनी १५६ कोटींच्या वर विकली जायला हवी होती. अण्णा म्हणाले, "तेवढ्याला विकली तर मी तक्रार करणार नाही, साहेब."

करार पुरा व्हायला पंचेचाळीस दिवसांची एक्सक्लुझिव्हिटी, म्हणजे दुसऱ्या गुंतवणूकदाराशी बोलायचे नाही ती मुदत, जवळपास सगळी लागली. नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल, विशेष ठराव आणि पैसे आल्यावर शेअरवाटप आणि वाटपापासून पंधरा दिवसांच्या आत त्याचा पीएएस-३ फॉर्म, ही सगळी माझ्या सवयीची कामे होती.

मार्चअखेरच्या गर्दीत अण्णा एकटेच आले, काठी टेकत, आणि खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "आठ माग भाड्यानं देतोय, साहेब. पोरानं सांगितलं नाही ओ. पोरीनं सांगितलं." त्यांनी भाडेकराराचा मसुदा माझ्यापुढे ठेवला. भाडे, वीजबिल, दुरुस्ती, सगळे त्यांनी स्वतःच्या हाताने नीट लिहून आणले होते. मुदतीची जागा मात्र कोरी ठेवली होती.