पगारपत्रकातले ३८ आणि कोर्टातले ६४

घटस्फोटाचा दावा दाखल झाला तेव्हा स्टाफरूममध्ये ज्यानं त्यानं मला एकच आकडा सांगितला, पोटगी म्हणजे पगाराच्या २५ टक्के. मी चौथीला गणित शिकवतो. हातात येणाऱ्या ३८ हजारांचा चौथा हिस्सा साडेनऊ हजार. त्यात बायको नोकरीला, म्हणजे लेकीसाठी निम्मेच, पावणेपाच, असं मी मनाशी धरून बसलो होतो.

वकीलसाहेब हसले. ‘गुरुजी, लेकराच्या पोटगीला आपल्याकडं ठरलेला टक्का नाही. ते २५ टक्के सुप्रीम कोर्टानं २०१७ ला एका प्रकरणात बायकोच्या पोटगीबद्दल म्हटलं होतं. लोकांनी तेच पाठ केलंय.’ लेकराला लागतं किती आणि आईबापाची ऐपत किती, हे कोर्ट बघतं. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही मिळकत, मालमत्ता, कर्ज, खर्च सगळं शपथपत्रावर लिहून द्यावं लागतं.

माझं घोडं पगारपत्रकावरच अडलं. एकूण पगार ७२ हजार. आयकर, व्यवसाय कर, एनपीएस म्हणजे पेन्शनची कपात वगैरे मिळून ८ जातात. शिक्षक पतसंस्थेचा हप्ता १७, प्लॉटच्या कर्जाचे ९. हातात ३८. आमच्या अहमदपूर भागात पतसंस्थेची कपात नसलेला गुरुजी दाखवा म्हणावं! बहिणीचं लग्न, बोअर, आबांचं ऑपरेशन, सगळं तिथूनच निघालं. पण कोर्टानं सक्तीची कपात तेवढी वजा केली. ‘लेकराच्या आधी पतसंस्था कशी?’ असं तिकडच्या वकीलबाईंनी विचारलं, मला उत्तर सुचलं नाही. माझी मिळकत धरली ६४ हजार.

शेतीचा रकाना मी कोराच ठेवला होता. अडीच एकर कोरडवाहू, सातबारा आबांच्या नावावर. वकिलांनी कागद परत केला. जे हाती येतं ते लिहा, खोट्या शपथपत्राचं लचांड नको. हमीभाव ४,८९२ असताना सोयाबीन ४,१०० नं गेलं होतं. खत, फवारणी, काढणी जाऊन उरलं ते लिहिलं. त्याबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही.

खरा आकडा निघाला बायकोच्या वहीतून. ती नांदेडला एका लॅबमध्ये २२ हजारांवर काम करते. लेकीच्या खर्चाची वहीच तिनं कोर्टात दिली. शाळेची फी महिन्याला ३,०००, ऑटो १,२००, ट्यूशन १,०००, दम्याचा पंप आणि दवाखाना ८००, खाणंपिणं ५,०००, भाडं आणि लाइटबिलातला वाटा ४,०००, कपडे-वह्या १,०००. झाले १६ हजार. मी फी आणि कपडे एवढंच धरलं होतं. नऊ वर्षांच्या पोरीचा घरभाड्यातही वाटा असतो, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. ‘भाडं तर तिला एकटीलाही लागलंच असतं,’ मी वकिलांना म्हणालो. ते म्हणाले, ‘एकटी असती तर माहेरी राहिली असती. शाळेजवळ दोन खोल्या कशाला घेतल्या असत्या?’

१९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात लेकराला पोसायची जबाबदारी आई आणि बाप दोघांवर आहे. पण दोघांवर म्हणजे निम्मी निम्मी, हे माझं गणित चुकलं. ६४ आणि २२, साधारण तीनास एक. १६ हजारांतले १२ माझ्याकडं आले.

गेल्या महिन्यात अंतरिम आदेश झाला, तोही अर्जाच्या तारखेपासून. १४ महिने, १ लाख ६८ हजार. मी महिन्याला ४ हजार देत होतो, पण बहुतेक वेळा रोख, नांदेडच्या बसस्थानकावर लेकीला भेटायला जायचो तेव्हा. त्याची पावती कोण घेतं? तिच्या वहीत मात्र तारखेसकट सगळं लिहिलेलं होतं, १३ महिन्यांचं. ५२ हजार वजा झाले. राहिला मे. मेचेही दिले होते, असं मी वकिलांना छातीठोक सांगितलं होतं. वहीत त्या महिन्यासमोर तिचं अक्षर : ‘आले नाहीत. पंप उधार आणला.’

उरलेल्या १ लाख १६ हजारांसाठी पतसंस्थेत नवा अर्ज टाकलाय. जामीनदार दोन लागतात, एक मिळालाय.