रविवार गेला गाडीचा रेडिएटर धुण्यात
गेल्या महिन्यात खंबाटकी घाट चढताना टेम्परेचरचा काटा वर सरकायला लागला तेव्हाच कळलं होतं, आज शेवटी मुहूर्त लागला. इंजिन पूर्ण गार होऊ दिलं (गरम असताना कॅप उघडायची नाही, आतलं पाणी प्रेशरने तोंडावर येतं), खालचा ड्रेन उघडला तर काय, चहासारखं तांबडं पाणी! मागे कोणीतरी कूलंटमध्ये (इंजिन गार ठेवणारं द्रव) नुसतं बोअरचं पाणी ओतत गेलेलं, त्याने क्षार पण साचतात आणि गंज पण चढतो. मग डिस्टिल्ड वॉटर भरायचं, हीटर फुल करून इंजिन गरम होऊ द्यायचं, गार करायचं, सोडायचं, असं तीनदा, तेव्हा कुठे पाणी स्वच्छ आलं.

नवं कूलंट आणायला गेलो तर दुकानदार म्हणे हिरवं घ्या नाहीतर लाल, सगळं सारखंच. अहो नाही ना! रंग कंपनी काहीही देते, मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन बघायचं. कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) आणलं, अर्धं ते अर्धं डिस्टिल्ड वॉटर. जुनं कूलंट गटारात न ओतता कॅनमध्ये भरून ठेवलंय, गोडसर लागतं म्हणून कुत्री चाटतात आणि ते विष असतं, आमच्या गल्लीत तर सात कुत्री. बायको म्हणते एवढा वेळ कधी बाथरूम धुवायला दिलास का 😅