एंटरप्राइझच्या तळाला रंग लावताना

जुनी लाकडी एंटरप्राइझ, म्हणजे शर्यतीची छोटी शिडाची होडी, हातात आली तेव्हा रंगकाम म्हणजे शेवटचा आठवडा, असं मी धरून चाललो होतो. कुजलेलं प्लाय आणि उकललेले सांधे यांची कामं ऑगस्टपर्यंत उरकली. रंगाला मात्र डिसेंबर उजाडला.

ही ब्रिटिश होडी-रचनाकार जॅक होल्टची १९५६ची रचना. दोघांची होडी, ४ मीटरच्या जरा वर लांबी, शिडं निळी. किमान वजन नियमात ठरलेलं. त्यावरचा प्रत्येक किलो शर्यतभर ओढावा लागतो. आधीच्या मालकांनी रंगावर रंग चढवले होते. खरवडलेले पापुद्रे घमेल्यात गोळा करून तोलले, तर साडेतीन किलो भरले! (जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून मास्क लावून, पाणी मारूनच घासलं.)

चूक झाली ती इपॉक्सीवर, म्हणजे लाकडावर लावायच्या दोन घटकांच्या राळेवर. पावसाळी हवेत दोन हात दिले, सुकल्यावर घासले, वर प्रायमर मारला. आठवड्याने अंगठ्याचं नख सहज फिरवलं, तर प्रायमर सायीसारखा सोलून आला. पोटात गोळाच आला. ओळखीच्या गॅरेजमधल्या पेंटर काकांनी इपॉक्सीच्या उघड्या भागावर हाताचं ओलं बोट फिरवलं. "बुळबुळीत लागतंय बघा. दादा, आधी धुवायचं, मग घासायचं." दमट हवेत इपॉक्सी घट्ट होताना वर मेणचट थर येतो. तो पाण्याने जातो. घासला तर नुसता पसरतो. सगळं प्रायमर काढलं, तळ घासणीने धुतला, पुसला आणि पुन्हा सुरुवात केली.

थंडीत पहाटेचं दव उडाल्यावर आणि ऊन चढण्याआधी जेमतेम दोन तास मिळत. तेवढ्यात टू-पॅक पॉलियुरेथेन (दोन घटक मिसळून लावायचा रंग) रोलरने पातळ लावायचं आणि लगेच कोरड्या ब्रशचं टोक हलकेच ओढायचं. पुन्हा मागे वळलं की ओघळ आलाच. तीन हातांवर थांबलो. चौथ्याने चकाकी वाढली असती, पण वजनही वाढलं असतं. डेकच्या व्हार्निशला मात्र पाच हात दिले. उन्हात ते टिकायलाच हवं.

शेवटी तळावर ६००चा, मग ८००चा वॉटर पेपर, लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, पुढून मागे. मेण लावलं नाही. काकांना बोलावून तांब्याभर पाणी ओतलं. कुठेही थेंब न धरता ते एकसंध पसरलं.