जॉर्जियाच्या मेडिकलचा अर्ज, ऐरोलीहून

मुलीच्या एमबीबीएससाठी जॉर्जियाचा अर्ज आम्ही ऐरोलीत बसून, एजंट न घेता केला. फॉर्म भरायला एक संध्याकाळ पुरली. वेळ खाल्ला तो नावाने.

आपल्या राज्य बोर्डाच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा असतो. पासपोर्ट काढताना वडिलांचं नाव गाळलं असेल, तर परक्या देशातल्या कारकुनाला हे कागद दोन मुलींचे वाटतात. म्हणून अर्जाआधी पासपोर्ट, दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची मार्कशीट आणि नीटचं स्कोअरकार्ड शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. पासपोर्टमध्ये बदल हवा असेल तर तो सगळ्यात आधी करा. ठाणेकरांना वागळे इस्टेटचं सेवा केंद्र आहे. बदल होईपर्यंत बाकी काही पुढे सरकवू नका.

कॉलेज निवडताना रँकिंगपेक्षा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे 18 नोव्हेंबर 2021 चे नियम वाचा. कोर्स किमान 54 महिन्यांचा, शिक्षण इंग्रजीत, त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप, आणि त्या देशात तिथल्या नागरिकांच्या बरोबरीने डॉक्टरकी करता येईल अशी नोंदणी. प्रवेशापासून 10 वर्षांत सगळं पूर्ण व्हावं लागतं. जॉर्जियाचा कोर्स सहा वर्षांचा, पण ‘सहा वर्षं’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. इंटर्नशिप त्या सहांत धरली आहे का आणि नोंदणी कशी मिळते, हे विद्यापीठाच्या लेटरहेडवर लिहून घ्या. फोनवरच्या आश्वासनाला इथे काडीची किंमत नाही.

नीट उत्तीर्ण असणं बंधनकारक आहे. परदेशातल्या प्रवेशासाठी तो निकाल तीन वर्षं चालतो.

मग अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून होणारं सरकारी प्रमाणीकरण. आधी बोर्डाची पडताळणी, मग राज्य सरकारचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचा स्टिकर. मुंबई विभागीय मंडळाचं ऑफिस वाशीत असल्याने आपल्याला पहिला टप्पा ट्रान्स हार्बरने गाठता येतो. परराष्ट्र मंत्रालयाची फी कागदामागे 50 रुपये. कागद गोळा करणारी एजन्सी आपला आकार वेगळा लावते. शिक्का आणि स्टिकर मूळ कागदाच्या मागे लागतात, म्हणून मार्कशीट लॅमिनेट करू नका. केली असेल तर प्लास्टिक काढताना शाई सुटते आणि डुप्लिकेट काढायची पाळी येते. दहावीचं प्रमाणपत्रही सोबत द्या, जन्मतारीख त्यावरच असते.

ऑफर लेटर आलं म्हणजे प्रवेश झाला असं नाही. विद्यापीठ कागदांचं जॉर्जियन भाषांतर नोटरी करून घेतं, तिथलं शैक्षणिक गुणवत्तेचं राष्ट्रीय केंद्र बारावीला मान्यता देतं, त्यानंतर तिथल्या शिक्षणमंत्र्यांच्या आदेशाने नाव दाखल होतं. इंग्रजीची मुलाखत व्हिडिओवर होते. भाषांतरात नाव जॉर्जियन लिपीत उच्चाराप्रमाणे उतरतं. प्रत्येक कागदावर ते एकाच पद्धतीने उतरलंय का, हे पक्कं होण्याआधी मसुदा मागवून तपासा. विद्यार्थ्यांचा डी-3 व्हिसा मिळायला हा प्रवेशाचा आदेश लागतो.

फी पाठवताना बँकेत ‘शुल्क कोण भरणार’ हा रकाना येतो. तिथे ‘ओयूआर’ निवडा, म्हणजे सगळे आकार आपण भरतो. ‘एसएचए’, म्हणजे आकार दोघांत वाटून, ठेवलं तर मधली बँक तिचा आकार रकमेतूनच कापते, विद्यापीठात थोडी कमी रक्कम जमा होते आणि फी थकीत दिसते. स्विफ्टची प्रत, म्हणजे पैसे परदेशी पाठवल्याची बँकेची पावती, जपून ठेवा.

निघताना अपॉस्टिल केलेले मूळ कागद हातातल्या बॅगेत, स्कॅन ईमेलवर. प्रवेशपत्र, आदेश आणि पासपोर्टवरचे येण्याजाण्याचे शिक्के सहा वर्षं सांभाळा. परतल्यावर परदेशी पदवीधरांना भारतात डॉक्टरकीसाठी द्यावी लागणारी एफएमजीई ही 300 प्रश्नांची परीक्षा असते, उत्तीर्ण व्हायला 150 गुण लागतात; तिला पदवीही अपॉस्टिल करून किंवा भारतीय दूतावासाकडून प्रमाणित करून लागते, आणि ते काम तिथून निघण्याआधीच उरकावं.