बाराखडीची पानं विकायची तर

परदेशातल्या मराठी पालकांसाठी बाराखडी गिरवायची पानं करताय? मग पीडीएफ दोन मापांत द्या: ए-फोर (२१० × २९७ मिमी) आणि अमेरिकेतलं लेटर (२१६ × २७९ मिमी). नुसतं ए-फोर दिलंत, तर तिकडच्या प्रिंटरवर खालची ओळ कापली जाते.

खरी डोकेदुखी अक्षरांची. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारा पर्याय) निवडला नसेल, तर ‘क्ष’ फुटतो आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. ते सुधारा, मगच अक्षरांच्या आउटलाइन करा, म्हणजे त्यांचं आकृत्यांत रूपांतर करा. फॉन्टचा परवाना विक्रीला चालतो ना, तेही बघा. गिरवायचे ठिपके राखाडी ठेवा, पण अगदी फिकट नकोत. शाई संपत आलेल्या प्रिंटरवर ते उमटतच नाहीत. एट्सी या ऑनलाइन बाजारात विकायच्या वस्तूच्या एका नोंदीला ०.२० डॉलर पडतात, मुदत ४ महिने. प्रत्येक फाइल २० एमबीच्या आत बसवा.