परत म्हैस का घेतली, विचारता म्हणून

जावेपासून डेअरीतल्या पोरापर्यंत सगळे एकच विचारतात, "एवढं झालं, परत म्हैस कशाला घेतलीस?" आणि लगेच, "आता बरी हायस न्हवं?" बरी म्हणजे काय ते आधी ठरवा.

२०१९ चा पूर सांगत बसत नाही. आमच्या कोल्हापूरजवळच्या चिखलीत कुठवर पाणी होतं ते भिंतींवर अजून दिसतं. पण एक गोष्ट मी आजवर खोटी सांगितली. "चारी म्हशींची दावी सोडली, मग बोटीत बसले." चारी नाही, तीन. चंद्रीचं दावं भिजून फुगलं होतं, गाठ आवळली होती. पाणी कमरेला. मी गाठ दातांनी ओढली. बोटीतला पोरगा ओरडत होता, "मावशी, चला, परत फेरी न्हाई." चंद्री माझा हात चाटत होती. पेंड आणलीय वाटलं असंल तिला. विळा वर वाशात खोचलेला होता, हातभर लांब. आठवला तो बोटीत बसल्यावर.

पाणी ओसरलं तेव्हा ती खुंट्यालाच होती.

दीड वर्ष गोठ्यात पाय टाकला नाही. मग घेतली. आधी सांगायचे, दुधाच्या पैशासाठी. तेही खरं, पण शिलाईवर घर चालत होतंच की. रिकामा खुंटा बघवत नव्हता म्हणावं, तर तो उपटून टाकता आला असता. खरं कारण मलाच धड सांगता येत नाही.

२०२१ च्या जुलैत पंचगंगा इशारा पातळीला, ३९ फुटांवर आली आणि मी म्हैस घेऊन उंचावरच्या सोनतळीकडं चालू लागले. लोक हसले, "धोका ४३ ला हाय, बाई." नंतर गाव परत पाण्यात गेलं. याला तुम्ही धाडस म्हणता. माझे पाय लटपटत होते.

त्या दिवाळीच्या पाडव्याला लेकानं तिची शिंगं रंगवली, मोरपिसं बांधली. मोटरसायकलच्या आवाजामागं ती उधळली. मी शिट्टी घातली, होय, बाईमाणसानं, आणि ती गर्रकन वळली! हसू आवरेना, पदर तोंडात धरला. रात्री मात्र झोप नाही. चंद्रीच्याच खुंट्याला बांधलीय तिला.

आता दाव्याला सुरगाठ असते. विळा खुंट्याजवळ, उन्हाळ्यातसुद्धा. मालक म्हणतात, काढ तो, कुणाला तरी लागंल.

लागू दे.